रक्तातील विकर-तपासणी आणि ‘निरोगी वाहक’ : टे-सॅक्स रोगाच्या अनुभवातून काही बोध

प्रास्ताविक

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात थॅलेसेमियाच्या रक्ततपासणीचे शिबिर झाले. आठवड्याभरात अहवाल आले. एका विद्यार्थिनीच्या अहवालावर ‘वाहक’ असा शेरा होता. दुसऱ्या दिवशी तिची आई मला भेटायला आली. मी विज्ञानाचा नव्हे, उर्दू-मराठीचा अध्यापक. पण मुलगी माझ्या वर्गातली, म्हणून ती माझ्याकडे आली. तिचे म्हणणे एवढेच होते, ‘‘सर, हा कागद फाडून टाका. मुलीची बात पक्की झाली आहे. कुणाला कळलं तर निकाह मोडेल.’’ मुलीची भीती निराळीच होती. तिने विचारले, ‘‘सर, हा आजार मला कधी सुरू होणार?’’

त्या दिवशी मला दोघींनाही नीट उत्तर देता आले नाही. नंतर वाचन केले, तेव्हा लक्षात आले की त्यांची अडचण अर्धी विज्ञानाची आणि अर्धी भाषेची होती. ‘वाहक’ या शब्दाचा अर्थ तिघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हता. प्रस्तुत लेखात रक्तातील विकरांच्या मोजणीवरून आनुवंशिक चयापचय-विकारांचे वाहक कसे ओळखले जातात, याचा परिचय करून द्यावयाचा आहे. त्यासाठी टे-सॅक्स या एकाच रोगाचे उदाहरण घेतले आहे, कारण सर्वसामान्य लोकांमध्ये मोठ्या प्रमाणावर अशी वाहक-तपासणी पहिल्यांदा या रोगासाठी झाली आणि तिचे यश व तिच्या मर्यादा दोन्ही आज स्पष्ट दिसतात.

विकर म्हणजे काय?

शरीरात क्षणोक्षणी असंख्य रासायनिक घडामोडी चालू असतात. अन्नाचे तुकडे होतात, नवे पदार्थ तयार होतात, टाकाऊ पदार्थ मोडले जातात. या सर्वांना मिळून चयापचय म्हणतात. या घडामोडी घडवून आणणारी विशिष्ट प्रथिने म्हणजे विकर, अर्थात एन्झाइम. हा पाश्चात्त्य शब्द ‘खमिरात’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून घडवला गेला. उर्दूत विकराला ‘खामरा’ म्हणतात, तोही ‘खमीर’ या शब्दाशी नाते सांगणारा आहे. वर्गात शिकवताना हा दुवा उपयोगी पडतो, कारण खमिराने पीठ फुगते आणि विरजणाने दूध लागते हे विद्यार्थ्यांनी घरी पाहिलेले असते. थोडासा पदार्थ मोठा बदल घडवतो, ही विकराची मूळ कल्पना तेथेच मिळते.

प्रत्येक विकराचे काम ठरलेले असते आणि ते विकर तयार करण्याची सूचना जनुकात लिहिलेली असते. त्या सूचनेत बिघाड झाला तर विकर तयारच होत नाही किंवा निकामी तयार होते. मग ज्या पदार्थाचे विघटन त्या विकराने करावयाचे, तो पदार्थ पेशींत साठत जातो, किंवा जो पदार्थ तयार व्हायला हवा तो मिळत नाही. अशा रोगांना आनुवंशिक चयापचय-विकार म्हणतात. एकेक विकार दुर्मिळ असला, तरी त्यांचे शेकडो प्रकार आहेत.

रोगी, वाहक आणि मुक्त

बहुतेक जनुकांच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. येथे ज्या विकारांचा विचार करावयाचा आहे ते बहुतांशी अप्रभावी स्वरूपाचे आहेत. म्हणजे दोन्ही प्रती सदोष असतील तरच रोग होतो. एक प्रत सदोष व एक चांगली असेल तर ती व्यक्ती वाहक होय. तिच्या शरीरात ते विकर साधारण निम्म्या प्रमाणात असते आणि निम्मे विकर जन्मभराच्या कामाला पुरते. म्हणून वाहक हा रोगी नसतो आणि पुढे रोगी होणारही नसतो. त्याला औषध लागत नाही, पथ्य लागत नाही आणि त्याच्यापासून कोणाला संसर्गही होत नाही.

प्रश्न उद्भवतो तो पती-पत्नी दोघेही एकाच विकाराचे वाहक असतील तेव्हा. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात मूल रोगी असण्याची शक्यता ४ मध्ये १, वाहक असण्याची ४ मध्ये २ आणि पूर्णपणे मुक्त असण्याची ४ मध्ये १ असते. ही शक्यता प्रत्येक वेळी नव्याने लागू होते. पहिले मूल रोगी जन्मले म्हणून पुढची तीन निरोगी होतील, असा हिशेब करता येत नाही. हा गैरसमज सुशिक्षित घरांतही आढळतो. दोघांपैकी एकच जण वाहक असेल, तर मुलांपैकी काही वाहक निघतील, पण त्या विकाराने रोगी कोणी निघणार नाही.

वाहकाच्या शरीरात विकर निम्मे असते, ही एकच गोष्ट विकर-तपासणीचा पाया आहे. बाहेरून निरोगी दिसणाऱ्या माणसाच्या रक्तात ते निम्मेपण मोजता येते.

टे-सॅक्स रोग आणि त्याच्या कारणाचा शोध

१८८१ मध्ये वॉरन टे या इंग्रज नेत्रतज्ज्ञाने एका बालकाच्या डोळ्याच्या पडद्यावर लालभडक ठिपका पाहून त्याची नोंद केली. १८८७ मध्ये न्यूयॉर्कचे मज्जातंतुतज्ज्ञ बर्नार्ड सॅक्स यांनी त्याच रोगाचे वर्णन केले. पूर्व युरोपातून आलेल्या अश्केनाझी ज्यू कुटुंबांत हा रोग विशेष दिसतो, हेही पुढे स्पष्ट झाले. मूल जन्मतः निरोगी दिसते. तीन ते सहा महिन्यांनंतर ते बारीक आवाजानेही दचकू लागते, मान धरणे, बसणे, हसणे यांसारखी आत्मसात केलेली कामे विसरू लागते. पुढे दृष्टी जाते, फिट्स येतात आणि बहुधा पाच वर्षांच्या आत मृत्यू ओढवतो. जनुकोपचाराचे प्रयोग चालू असले, तरी हा रोग बरा करणारा सिद्ध उपचार आजही उपलब्ध नाही.

१९६२ मध्ये स्वीडनचे लार्स स्वेनरहोल्म यांनी या मुलांच्या मेंदूत साठणाऱ्या मेदयुक्त पदार्थाची, म्हणजे जीएम-२ गँग्लिओसाइडची ओळख पटवली. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात शिंतारो ओकाडा आणि जॉन ओब्रायन यांनी दाखवून दिले की या मुलांच्या शरीरात हेक्सोसॅमिनिडेझ-ए नावाचे विकर नसते. पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातील या विकराची मोजणी करून रोगी आणि वाहक दोन्ही ओळखता येतात हे प्रसिद्ध केले. रोगाचे वर्णन झाल्यापासून त्याचे कारण सापडेपर्यंत सुमारे नव्वद वर्षे गेली, पण कारणापासून तपासणीपर्यंत जायला एक वर्षच लागले.

तपासणी कशी केली जाते?

हेक्सोसॅमिनिडेझ या विकराचे रक्तात मुख्यतः दोन प्रकार असतात, ‘ए’ आणि ‘बी’. ‘ए’ हा अल्फा व बीटा या दोन घटकांचा बनलेला असतो. ‘बी’ हा केवळ बीटा घटकांचा. टे-सॅक्समध्ये अल्फा घटकाच्या जनुकात दोष असतो. म्हणून ‘ए’ नाहीसा होतो, ‘बी’ मात्र राहतो. बीटा घटकाचे जनुक बिघडल्यास दोन्ही प्रकार नाहीसे होतात आणि सँडहॉफ हा टे-सॅक्ससारखाच दुसरा रोग होतो.

प्रयोगशाळेत मोजमाप करताना अडचण अशी होती की साध्या तपासणीत ‘ए’ आणि ‘बी’ यांचे काम एकत्रच मोजले जाते. ती दूर करण्यासाठी एका साध्या गुणधर्माचा उपयोग करून घेण्यात आला. ‘ए’ हा उष्णतेने निकामी होतो, ‘बी’ उष्णता सोसतो. रक्ताच्या नमुन्यात एक कृत्रिम पदार्थ घालतात. विकराने तो मोडला की त्यातून मोकळा होणारा भाग अतिनील प्रकाशात चमकतो. जितके विकर अधिक, तितकी चमक अधिक. नमुन्याचा एक भाग तसाच मोजतात. दुसरा भाग सुमारे ५० अंश सेल्सिअसला काही तास तापवून मग मोजतात. पहिल्या मोजणीतून दुसरी वजा केली की ‘ए’ चा वाटा मिळतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका व्यक्तीच्या नमुन्यात एकूण १०० एकके काम दिसले आणि तापवल्यावर ४० उरले. म्हणजे ‘ए’ चा वाटा ६० टक्के. दुसऱ्या व्यक्तीच्या नमुन्यात १०० पैकी ६० उरले, म्हणजे ‘ए’ चा वाटा ४० टक्के. ही दुसरी व्यक्ती वाहक असण्याचा संभव आहे. तिसरा नमुना एखाद्या आजारी बालकाचा असेल तर तापवण्यापूर्वीची आणि नंतरची चमक जवळजवळ सारखीच राहील, कारण त्यात ‘ए’ नाहीच. सामान्य आणि वाहक यांच्यातील सीमारेषा प्रत्येक प्रयोगशाळा आपल्या पद्धतीप्रमाणे निश्चित करते. म्हणून एका प्रयोगशाळेचा आकडा दुसऱ्या प्रयोगशाळेच्या मोजपट्टीवर वाचू नये.

आकडा कोठे फसवतो?

विकर-तपासणीचे उत्तर आकड्यात येते आणि आकड्याचा अर्थ लावावा लागतो. गरोदर स्त्रीच्या रक्तद्रवात या विकराचे इतर प्रकार वाढतात, त्यामुळे ‘ए’ चा टक्का कमी दिसतो आणि ती वाहक नसतानाही वाहक वाटू शकते. गर्भनिरोधक गोळ्या, मधुमेह व यकृताचे आजार यांमुळेही रक्तद्रवातील आकड्यात फरक पडतो. अशा व्यक्तींची तपासणी रक्तातील पांढऱ्या पेशींवर करतात, कारण त्यांच्यावर या गोष्टींचा परिणाम तसा होत नाही.

दुसरी अडचण ‘आभासी न्यूनते’ची. काही लोकांचे विकर प्रयोगशाळेतील कृत्रिम पदार्थ नीट मोडत नाही, परंतु शरीरातील खरा पदार्थ व्यवस्थित मोडते. तपासणीत असे लोक वाहक ठरतात. प्रत्यक्षात त्यांच्या मुलांना धोका नसतो. विकर-तपासणीत वाहक ठरलेल्या ज्यू व्यक्तींपैकी सुमारे २ टक्के, तर ज्यूंखेरीज इतरांपैकी सुमारे ३५ टक्के व्यक्ती अशा असल्याचे आढळले आहे. याच्या उलटही घडते. एका प्रकारच्या दोषात विकर कृत्रिम पदार्थ मोडते, पण खरा पदार्थ मोडत नाही. असा वाहक जुन्या पद्धतीत निसटून जातो. त्यासाठी ‘ए’ प्रकाराचेच काम थेट मोजणारा वेगळा कृत्रिम पदार्थ पुढे वापरात आला.

म्हणून आज योग्य क्रम असा मानला जातो: विकर-तपासणीत आकडा कमी आला तर पांढऱ्या पेशींवर ती पुन्हा करावी आणि त्यानंतर जनुकाची तपासणी करून दोष कोणता आहे ते निश्चित करावे. पहिल्याच कागदावरून कोणाच्या कपाळी ‘वाहक’ असा शिक्का मारणे शास्त्रीयदृष्ट्याही चुकीचे आहे.

सर्वच विकारांत ही पद्धत सारखी चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. गॅलॅक्टोसेमियाशी संबंधित विकर तांबड्या पेशींत सापडते, म्हणून ते मोजता येते. फिनिलकीटोन्यूरियाचे विकर यकृतात काम करते. ते रक्तात मोजून वाहक शोधता येत नाही. जी-६-पीडी न्यूनता, जी आपल्याकडे पारशी समाजात तुलनेने अधिक आढळते, तिचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स गुणसूत्र कार्यरत असते. त्यामुळे वाहक स्त्रीच्या रक्तात काही पेशी चांगल्या, काही सदोष असे मिश्रण असते आणि तिचा आकडा अगदी सामान्यापासून अगदी कमीपर्यंत कोठेही येऊ शकतो. थॅलेसेमिया व सिकलसेलची नेहमीची तपासणी तर विकराची नव्हेच. ती हिमोग्लोबिनची तपासणी आहे. वाहक ही कल्पना मात्र या सर्वांत समान आहे.

बाल्टिमोरचा प्रयोग आणि त्याचा धडा

१९७१ च्या मे महिन्यात अमेरिकेतील बाल्टिमोर-वॉशिंग्टन परिसरात मायकेल कॅबॅक या तरुण बालरोगतज्ज्ञाने ज्यू समाजासाठी पहिले सामुदायिक तपासणी-शिबिर घेतले. त्यापूर्वी वर्षभराहून अधिक काळ तयारी चालली होती. धर्मगुरूंशी चर्चा झाली, स्थानिक डॉक्टरांना माहिती देण्यात आली, स्वयंसेवक तयार करण्यात आले, पत्रके वाटली गेली. तपासणी पूर्णपणे ऐच्छिक होती, अहवाल गुप्त ठेवला जाई आणि वाहक निघालेल्या प्रत्येकाला समुपदेशन मिळे. शिबिर प्रार्थनागृहात भरले आणि लोक रांगा लावून आले.

१९९२ अखेरपर्यंत जगभरात सुमारे दहा लाख लोकांची अशी तपासणी झाली. त्यांत ३६ हजारांहून अधिक वाहक सापडले आणि दोघेही वाहक असलेली हजाराहून अधिक जोडपी वेळीच ओळखली गेली. अमेरिका व कॅनडातील ज्यू समाजात टे-सॅक्सचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक घटले. ज्या रोगावर औषध नाही, तो केवळ माहिती आणि रक्ताची तपासणी यांच्या बळावर एका समाजातून जवळजवळ हद्दपार झाला.

त्याच काळात त्याच देशात सिकलसेलच्या बाबतीत उलट घडले. १९७० च्या दशकाच्या आरंभी काही राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी तपासणी सक्तीची करणारे कायदे घाईने केले. समुपदेशनाची सोय नव्हती आणि वाहक व रोगी यांतील भेद खुद्द काही कायद्यांच्या मसुद्यांतही स्पष्ट नव्हता. निरोगी वाहकांना नोकरी व विमा नाकारला गेला. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीत वाहकांना १९८१ पर्यंत प्रवेश मिळत नव्हता. तपासणीचे तंत्र दोन्हीकडे ठीक होते. फरक पडला तो आधी समजावून सांगण्यात, संमती घेण्यात आणि गुप्तता पाळण्यात.

एका तिसऱ्या वाटेचाही उल्लेख करावयास हवा. रब्बी जोसेफ एकस्टाइन यांची चार मुले टे-सॅक्सने गेली. १९८३ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात ‘दोर येशोरिम’ ही संस्था सुरू केली. सनातनी ज्यू समाजात विवाह जुळवून केले जातात आणि वाहक असल्याचे कळले तर स्थळे येणे बंद होईल, ही भीती तेथेही होती. म्हणून संस्थेने अशी पद्धत ठरवली की तरुणांची तपासणी करायची, पण कोणालाही निकाल सांगायचा नाही. फक्त एक क्रमांक द्यायचा. स्थळ आले की दोन्ही क्रमांक संस्थेला कळवायचे. दोघेही एकाच रोगाचे वाहक असतील तरच हा विवाह योग्य नाही असे सांगितले जाते. या पद्धतीवर टीकाही झाली. माणसाला स्वतःच्या शरीराची माहिती का मिळू नये, हा आक्षेप बिनतोड आहे. तरीही कलंकाच्या भीतीवर एका धार्मिक समाजाने आपल्या रूढींच्या चौकटीत उपाय शोधला, ही गोष्ट आपल्याला विचार करायला लावणारी आहे.

हा रोग ‘त्यांचा’ नाही

टे-सॅक्स हा ज्यूंचा रोग आहे असे समजले तर मोठी चूक होईल. अश्केनाझी ज्यूंमध्ये सुमारे ३० जणांत १ वाहक असतो; ज्यूंखेरीज इतर अमेरिकनांत हे प्रमाण सुमारे ३०० मध्ये १ असे मानतात. तपासणीमुळे ज्यू बालके वाचली आणि अमेरिकेत टे-सॅक्सचे बहुतेक नवे रोगी इतर समाजांतील दिसू लागले.

आपल्या अधिक जवळचे उदाहरण गुजरातचे आहे. अहमदाबादच्या ‘फाउंडेशन फॉर रिसर्च इन जेनेटिक्स अँड एंडोक्रिनॉलॉजी’ या संस्थेतील संशोधकांनी २०१२ मध्ये भारतीय टे-सॅक्स रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परस्परांशी नाते नसलेल्या सहा गुजराती कुटुंबांत त्यांना जनुकातील एकच दोष सापडला. याचा अर्थ असा की फार पूर्वीच्या कोणा एका पूर्वजात झालेला बदल त्या प्रदेशातील घराण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या खाली आला असावा. जेथे लोक ठरावीक वर्तुळातच सोयरिकी करतात तेथे असे घडते, मग ते वर्तुळ जातीचे असो, जमातीचे असो वा बिरादरीचे. वडोदऱ्यातील आपल्या वाचकांना हे प्रकरण दूरचे वाटू नये.

यातून विकर-तपासणीचे एक महत्त्वही कळते. जनुक-तपासणीत जर फक्त ज्यूंमध्ये माहीत असलेले तीन-चार दोष शोधले, तर गुजरातमधील वाहक सुटून जाईल. भाषेच्या अध्यापकाला हे लगेच पटेल. मुद्रितशोधकाला चार ठरावीक चुकांची यादी दिली तर तो पाचवी चूक सोडून देतो. पण वाक्याचा अर्थ लागतो की नाही हे पाहणाऱ्याला चूक कोणतीही असली तरी ती खटकते. विकर-तपासणी जनुकाची अक्षरे न पाहता त्याचे काम पाहते. ज्या समाजातील दोषांची यादी अद्याप पूर्ण झालेली नाही, तेथे ती म्हणूनच उपयुक्त ठरते. संपूर्ण जनुक वाचण्याची सोय आज झाली आहे, तरी एखादा नवा बदल घातक की निरुपद्रवी हे ठरवताना पुन्हा विकराच्या आकड्याकडेच पाहावे लागते.

नात्यातील विवाह: हिशेब आणि संयम

या विषयावर बोलताना नात्यातील विवाहाचा प्रश्न टाळता येत नाही. चुलत, मावस, मामे, आते भावंडांचा निकाह शरीअतमध्ये जायज आहे. तो बंधनकारक नाही. ही प्रथा केवळ मुसलमानांची नाही. मराठी हिंदू समाजातील अनेक जातींत मामाची मुलगी करण्याची रीत आहे आणि बेळगाव सीमाभागात मामा-भाचीचे विवाहही होतात. म्हणून एका समाजाकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही; हिशेब मात्र समजून घ्यावा.

समजा, आजी एखाद्या अप्रभावी विकाराची वाहक आहे. तो दोष तिच्या मुलाकडे वा मुलीकडे जाण्याची शक्यता २ मध्ये १ आणि नातवंडाकडे जाण्याची ४ मध्ये १. तिची दोन नातवंडे, म्हणजे चुलत किंवा मामे-आते भावंडे, दोघेही वाहक असण्याची शक्यता १६ मध्ये १. त्यांचा विवाह झाला तर एखादे मूल रोगी असण्याची शक्यता ६४ मध्ये १. त्याऐवजी ज्या समाजात ३०० मध्ये १ वाहक आहे, त्यातील परक्या घराण्यात त्या नातवंडाचा विवाह झाला तर हीच शक्यता ४८०० मध्ये १ होते. मामा-भाचीच्या विवाहात ती ३२ मध्ये १ आहे.

हे आकडे दोन गोष्टी सांगतात. नात्यातील विवाहाने धोका वाढतो, हे खरे. परंतु ६४ पैकी ६३ वेळा त्या दोषामुळे मूल रोगी होत नाही, हेही तितकेच खरे. ज्या घराण्यात अकारण बालमृत्यू झाले आहेत किंवा एखादे मूल मागे मागे जात गेले आहे, तेथे विवाहापूर्वी तपासणी करणे शहाणपणाचे आहे. दोघांपैकी एकजणही मुक्त निघाला, तर त्या विकारापुरती चिंता संपली. अशी मुले दगावली की ‘नजर लागली’ किंवा ‘सुनेचा पायगुण’ असे म्हटले जाते आणि दोष एकट्या आईच्या माथी येतो. वस्तुतः अप्रभावी विकारात सदोष प्रत आई आणि वडील दोघांकडूनही आलेली असते. एवढी एक गोष्ट वर्गात सांगितली तरी कित्येक घरांतील अन्याय कमी होईल.

विवाह होऊन गेला असेल आणि दोघेही वाहक असतील, तर गर्भाची तपासणी करता येते. नाळेच्या पेशींची तपासणी साधारण १० ते १२ आठवड्यांच्या सुमारास, तर गर्भजलाची १५ आठवड्यांनंतर होते. पुढील निर्णय अतिशय नाजूक असतो. मक्केतील राबिता-ए-आलम-ए-इस्लामीच्या फिक्ह परिषदेने १९९० मध्ये असे मत दिले की जाणकार डॉक्टरांच्या समितीने असाध्य व गंभीर व्यंग निश्चित केले असेल, तर आई-वडिलांच्या मागणीवरून १२० दिवसांच्या आत गर्भपाताला परवानगी असू शकते. उलेमांमध्ये अधिक कडक मतेही आहेत. म्हणूनच निकाहापूर्वीची तपासणी श्रेयस्कर, कारण तेव्हा कोणालाही या पेचात पडावे लागत नाही.

शब्दांची निवड आणि अध्यापकाचे काम

शेवटी भाषेविषयी. मराठीत ‘वाहक’ म्हटले की विद्यार्थ्याला एसटीचा कंडक्टर आठवतो, नाहीतर डास आठवतो, कारण डास हा रोगवाहक असल्याचे तो शाळेत शिकलेला असतो. दुसऱ्या अर्थामुळेच भीती वाटते. ‘वाहक’ म्हणजे रोग पसरवणारा, असा समज होतो. उर्दूत ‘हामिल’ हा शब्द वापरला तर अडचण आणखी वाढते, कारण ‘हामिला’ म्हणजे गरोदर स्त्री. अविवाहित मुलीच्या अहवालाविषयी तो शब्द उच्चारणेही अवघड होते. माझी सूचना अशी की आपण मराठीत नेहमी ‘निरोगी वाहक’ आणि उर्दूत ‘सेहतमंद कॅरिअर’ अशी जोडशब्दांची सवय लावावी. विशेषण सोडून नाम वापरू नये.

महाविद्यालयात शिबिर घ्यावयाचे झाल्यास तीन पथ्ये पाळावीत. रक्त घेण्यापूर्वी निदान दोन तास समजावून सांगावे व त्यात पालकांना बोलवावे. अहवाल बंद पाकिटात, फक्त त्या व्यक्तीच्या हाती द्यावा. सूचनाफलकावर यादी लावू नये. निकालाच्या दिवशी समुपदेशन करू शकणारा डॉक्टर हजर असावा. मुलींबरोबर मुलांचीही तपासणी झालीच पाहिजे, अन्यथा साऱ्या शंका मुलींवरच येतात. टे-सॅक्ससारख्या दुर्मिळ विकारांची तपासणी सरसकट सर्वांची करण्याची गरज नाही. ज्यांच्या घराण्यात तसा इतिहास आहे, त्यांना आनुवंशिकी विभाग असलेल्या रुग्णालयाकडे पाठवावे. सर्वांसाठी शिबिर घ्यावयाचे असेल तर आपल्या भागात थॅलेसेमिया व सिकलसेलपासून सुरुवात करणे योग्य.

आरंभी उल्लेखिलेल्या आईला आज मी काय सांगितले असते? कागद फाडू नका, जपून ठेवा. तुमची मुलगी निरोगी आहे व निरोगीच राहणार आहे. होणाऱ्या जावयाचीही एकदा तपासणी करून घ्या. तो मुक्त निघाला तर या आजाराच्या बाबतीत निर्धास्तपणे निकाह करा. तोही वाहक निघाला तर डॉक्टरांशी बोलून दोन्ही घरांनी मिळून विचार करा. आणि मुलीला सांगितले असते की तुला हा आजार कधीच सुरू होणार नाही. ही वाक्ये त्या दिवशी मला ठाऊक नव्हती. आपल्यापैकी कोणासमोर अशी विद्यार्थिनी उभी राहिली तर ती ठाऊक असावीत, एवढ्याचसाठी हा लेखप्रपंच.